कोण कुठे झोपतं?

"मॅडम, याचं वर्गात लक्ष नसतं, जरा तपासून द्या," असं म्हणून आईनं नऊ वर्षांच्या मुलाला माझ्यासमोर बसवलं आणि ती बाहेर जाऊन थांबली. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, शंका असल्याची शाळेची चिठ्ठी सोबत होती. मी मानसशास्त्रज्ञ म्हणून कामाला नवीन होते. लगेच बुद्ध्यांक मोजणारी बिने-कामत चाचणी काढली. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली ही चाचणी आजही आपल्याकडे वापरतात. मुलगा उत्तरं बरोबर देत होता, पण सारखा जांभया देत होता. बुद्ध्यांक चांगला आला. अहवाल लिहायला बसले, तेव्हा माझ्या वरिष्ठ ताईंनी एकच विचारलं, "रात्री किती वाजता झोपतो तो?"

मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या भेटीत त्याला कोरा कागद दिला. म्हटलं, घराचा नकाशा काढ आणि कोण कुठे झोपतं ते दाखव. त्यानं दोन खोल्या काढल्या. आजी पलंगावर, आई आणि धाकटी बहीण आत, आणि स्वतःचं अंथरूण अगदी दाराला लागून. दाराशी का रे? "बाबा आले की कळतं." वडील चाकणला सेकंड शिफ्टला, घरी पोचायला एक वाजायचा. मग घराच्या हप्त्यावरून दबक्या आवाजात भांडण. आवाज चढला तर मध्ये पडता यावं म्हणून पोरगं जागं राहायचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडिलांना साप्ताहिक सुट्टीला बोलावलं. दोष द्यायचा नाही, हे ठरवूनच बसले होते. दोष दिला की माणूस पुन्हा येत नाही. नकाशा टेबलावर ठेवला. दाराजवळच्या त्या छोट्या चौकोनावर ते कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, झोपलेला असतो." पैशांचं बोलणं सुट्टीच्या दिवशी दुपारी करायचं, रात्री नाही, एवढंच त्या दिवशी ठरलं. अंथरूण आजीच्या पलंगाशेजारी सरकलं. दोन महिन्यांत वर्गातल्या जांभया थांबल्या.

एडीएचडी खराही असतो. तसं वाटलं, तर मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला उशीर करू नये; औषध देण्याचा अधिकार डॉक्टरांचाच. पण घरातली रात्र कशी जाते हे न विचारता मुलावर शिक्का मारू नये, हे माझं ठाम मत त्या कागदानं बनलं.

आता या पेशात येण्याच्या वाटेबद्दल. मी मानसशास्त्रात बी.ए., एम.ए. केलं आणि नंतर चिकित्सा मानसशास्त्रात दोन वर्षांचं एम.फिल. नुसत्या एम.ए.वर शाळेत समुपदेशक म्हणून काम मिळू शकतं, पण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. बंद होत चाललंय आणि परिषदेनं नवे अभ्यासक्रम आणलेत. त्यामुळे फी भरण्याआधी ती संस्था आणि तो अभ्यासक्रम परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे स्वतः पाहा.

आमची पुस्तकं सगळी इंग्रजी. मुलं मात्र 'ॲंग्झायटी' म्हणत नाहीत. 'पोटात गोळा येतो', 'कसंतरी होतं', 'नको वाटतं' असं म्हणतात. मी अशा शब्दांची वही ठेवली, अजून ठेवते. आज्या बोलतात त्याकडेही कान द्या. 'हल्ली ताट अर्धं टाकतो' हे आजीच्या सगळ्यात आधी लक्षात येतं.

गुप्ततेबद्दल पहिल्याच भेटीत मुलाला सरळ सांगा: तू सांगशील ते मी सगळं आईबाबांना सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला गप्प बसता येणार नाही. लैंगिक अत्याचार समजला, तर २०१२च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊन ते मोडलं, तर मूल पुन्हा कुणापाशी तोंड उघडेल याची खात्री नाही.

आणि प्रवेश घेताना एक जरूर विचारा: वरिष्ठांच्या देखरेखीखाली अख्ख्या कुटुंबासोबत बसायला मिळेल का? फक्त चाचण्या घ्यायला आणि अहवाल लिहायला शिकवत असतील, तर दुसरी जागा शोधा.