'काळ हेच औषध' म्हणून नुसतं थांबलात? या चुका टाळा

बाबा गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण उठताना एकच वाक्य बोलायचा, "काळ हेच औषध." सातव्या की आठव्या दिवशी शेजारच्या काकू चहाचा कप खाली ठेवत तेच म्हणाल्या आणि मला विचारावंसं वाटलं, डोस किती? जेवणाआधी की नंतर?

हसण्यावारी न्या, पण प्रश्न खरा आहे. मी पहिलं वर्ष कॅलेंडरची पानं उलटण्यात काढलं आणि वर्षश्राद्धाला होते तिथेच होते. खालच्या चुका बऱ्याचशा माझ्याच.

"सहा महिने झाले, अजून कशी रडतेस?"

लोक विचारतात त्याहून जास्त वेळा आपण हे स्वतःला विचारतो. त्यात शोकाचे ते पाच टप्पे: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. व्हॉट्सअ‍ॅपवर ते असे फिरतात, जणू लोकलने करी रोड गेलं की परळ येणारच. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतंच. मला राग आला तो पावणेदोन वर्षांनी, सणाच्या दिवशी पुरण वाटताना. घासाघीस कधी आलीच नाही.

तेरावं झालं, चौदाव्या दिवशी पुन्हा ८.१२ची लोकल

ही मुंबईची खास चूक. कामावर जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पोट कुणाला चुकलंय? पण मी ओव्हरटाइम मागून घेतला, रविवारी क्लास लावला, घरी आले की मोबाइल. बाबांची आठवण यायला फटच ठेवली नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलंय की शोकातला माणूस हेलकावे खात असतो, कधी गेलेल्या माणसाकडे, कधी रोजच्या कामाकडे. दोन्ही लागतं. एकाच टोकाला अडकलं की बिघडतं.

माझा उपाय लोकलमध्येच सापडला. संध्याकाळी लेडीज डब्यात खिडकी मिळाली की दादर ते ठाणे वेळ बाबांचा. रडू आलं तर आलं. कुणी चौकशी करत नाही. फार तर समोर मेथी निवडत बसलेली बाई न बोलता पाण्याची बाटली पुढे करते. ठाणं आलं की डोळे पुसायचे आणि कोथिंबीर घ्यायची.

जुन्या रीतींमध्ये हेच शहाणपण असावं असं मला आता वाटतं. दहावा, तेरावा, महिन्याचं श्राद्ध, वर्षश्राद्ध, मग दर भाद्रपदात पितृपक्ष. काळ मोकळा सोडलेला नाही, तारखेतारखेला काम नेमून दिलंय. बाणगंगेवर दहाव्याला आमच्या पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी दादा म्हणाला, "बाबा, गावच्या घराचं छप्पर मी करतो." कावळा त्यामुळे आला की भुकेने, मला माहीत नाही. पण दादाच्या पोटातलं ते मोठ्याने बाहेर पडलं. विधी मानत नसाल तर करू नका, तारखा मात्र ठेवा. वाढदिवसाला त्यांच्या आवडीचं बोंबलाचं कालवण केलंत तरी चालेल.

वस्तू एका दुपारी वाटून टाकणं

दहा बाय बाराच्या खोलीत जागा नाही हे खरंच. म्हणून आम्ही पंधराव्या दिवशी सगळं बोहारणीला दिलं. एका शर्टाच्या खिशात रेल्वेचा पास होता, मुदत संपायला नऊ दिवस बाकी असलेला. योगायोगाने तेवढा वाचला. माळ्यावर एक बॅग बसते. पहिलं वर्ष तेवढी राहू द्या. उलट चूकही असते, वर्षानुवर्षं खुंटीवरचा सदरासुद्धा न हलवणं, पण मुंबईतल्या घरांत ती चैन फारशी परवडत नाही.

देवाचं नाव घेऊन झाकण लावणं

"आत्मा अमर आहे, रडू नकोस" हे तिसऱ्या दिवशी ऐकवू नका. खरं असलं तरी ऐकवू नका. देवावर राग आला तर पाप लागेल, ही भीतीही नको. जनाबाईंनी विठ्ठलाला अभंगातून शिव्या घातल्या, आणि त्यांची भक्ती कुणी कमी मोजली नाही. माझी पूजा सात-आठ महिने बंद होती. परत सुरू झाली ती दिवा लावण्यापासून, मंत्राशिवाय.

काळावर सोडून डॉक्टर टाळणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीच्या ११व्या आवृत्तीत लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. शोक सहा महिन्यांहून जास्त टिकला, समाजाच्या रीतीच्या मानानेही जास्त वाटला आणि रोजचं जगणं अडलं, तर तो त्यात मोडतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिने धरलेत. आपलं वर्षश्राद्ध आठवतं, नाही? नुसतं रडू येणं हा आजार नाही. पण अंघोळ, जेवण, नोकरी सुटत चालली असेल, तर वर्ष भरायची वाट बघू नका. परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि "मीही जावं" असं मनात आलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

बाबांच्या सिमकार्डाला आम्ही अजून रिचार्ज मारतो. परवा दादाने विचारलं, "आता बंद करू या का?" मी म्हटलं, भाद्रपदापर्यंत थांब.