भांडं त्याचं त्यालाच करू द्या: मातीकाम शिकवताना शिक्षकाने काय करावं

माझ्या पहिल्या तुकडीच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्यांची भांडी एका टेबलावर मांडली. अकरा जणांचं काम, पण बघणाऱ्याला वाटावं एकाच माणसाने केलंय. तो माणूस मीच होतो. कुणाच्या मडक्याची भिंत जरा डुगडुगली की मी धावत जायचो, दोन बोटांत सरळ करून द्यायचो. विद्यार्थी खूश, मी खूश, आणि हात मात्र एकाचाच तयार होत होता. त्यानंतर मी शिकवण्याची रीत बदलली. ती अशी.

चाकाआधी माती

पहिल्या दिवशी सगळ्यांचा डोळा चाकावर असतो. चाक झाकून ठेवा. दोन-तीन प्रकारची माती द्या: पिशवीत मिळणारी तयार माती, विटभट्टीवरची किंवा शेतातली भिजवून गाळलेली माती, आणि त्यातच थोडी वाळू घातलेली. प्रत्येकीची बोटाएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती गुंडाळायला सांगा. तडे किती गेले ते बघितलं की मातीचा चिकटपणा कळतो. मग प्रत्येक मातीची एक पट्टी लाटून तिच्यावर बरोब्बर १० सेंटीमीटरची रेघ ओढून ठेवायची. वाळून भाजल्यावर ती ९ सेंटीमीटर भरली, तर माती १० टक्के आकसते. हा आकडा तुम्ही सांगू नका, त्यांचा त्यांना मोजू द्या. पुढे झाकण बसलं नाही की कारण विचारायला ते तुमच्याकडे येत नाहीत.

त्याच आठवड्यात ३०० ग्रॅमचे गोळे करून बोटांनी दाबत वाट्या करायला लावा, निदान दहा. त्यातल्या दोन डोळे मिटून. भिंतीची जाडी अंगठ्यालाच कळावी लागते.

चाकावर आपला हात घालायचा नाही

माती चाकाच्या मधोमध आणणं हा पहिला मोठा अडथळा. कोपर मांडीवर किंवा पोटाशी टेकवा, श्वास रोखू नका, दाब हळूहळू सोडा, एवढं सांगून थांबा. दाखवायचंच असेल तर आपल्या चाकावर, आपल्या गोळ्यावर दाखवा. विद्यार्थ्याच्या मातीला हात लावला की तिथून पुढे ते भांडं तुमचं. डावखुरा विद्यार्थी असेल आणि चाकाला उलट फिरवायचं बटण असेल, तर त्याला दोन्ही दिशा करून बघू द्या. तुमची सवय ती त्याची सवय असायलाच हवी असं नाही.

पहिले चार आठवडे काहीही घरी न्यायचं नाही. अर्ध्या किलोचा गोळा, सरळ उभं सिलिंडर, आणि झालं की तारेने वरून खालपर्यंत मधोमध कापायचं. पहिल्यांदा सगळ्यांच्या जिवावर येतं. एका बाईंनी तर मला सरळ निर्दयी म्हटलं होतं. पण कापलेली भिंत खोटं बोलत नाही: खाली जाड, वर कागदासारखी, किंवा एका बाजूला फुगलेली.

इथे उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारा. भांडं बसलं, तर "पाणी किती वेळा घेतलंस?" वाळताना तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर गेली, तर "तळ दाबला होतास का?" तळाची माती नीट दाबून घट्ट केली नाही, किंवा तळाशी पाणी साचू दिलं, तर अशी चीर पडते. हे तुम्ही सांगितलं तर पुढच्या वेळी विसरतात. स्वतः शोधलं तर विसरत नाहीत.

घरचं एक भांडं

शिक्षणक्रमातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. पाचव्या आठवड्यात प्रत्येकाने घरून एक भांडं आणायचं. तांब्या, लोणच्याची बरणी, संक्रांतीचं सुगड, स्टीलचा पेला, काहीही. त्याची उंची, तोंडाचा आणि तळाचा व्यास मोजायचा, बाजूने दिसणारी रेघ वहीत काढायची. मग मातीत त्याची तीनदा हुबेहूब नक्कल. नंतर पुन्हा तीन, पण दर वेळी फक्त एक गोष्ट बदलून: मान लांब, किंवा पोट खाली, किंवा काठ बाहेर वळलेला.

"मनाला येईल ते करा" म्हटलं की नवखा माणूस हमखास इंटरनेटवर पाहिलेलं करतो. एकच बदल करायची मुभा दिली की त्याला निवड करावी लागते, आणि निवडीतून माणूस दिसू लागतो. तांब्या आणणाऱ्या दोघांचे तांबेसुद्धा सहाव्या भांड्यापर्यंत एकमेकांपासून पार लांब गेलेले असतात.

एका छपराखाली किती वेगळं काम होऊ शकतं याचं उदाहरण हवं असेल तर पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीचं सांगा. १९७१ साली डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी ती सुरू केली. स्मिथ यांचं मन रोजच्या जेवणाच्या भांड्यांत रमलं. मीकर यांनी मातीची अख्खी घरं बांधून ती जागच्या जागी भाजण्याचे प्रयोग केले.

मुंबईत असाल तर दिवाळीच्या आधी धारावीच्या कुंभारवाड्यात घेऊन जा. एका मोठ्या गोळ्यावरून पणत्यांमागून पणत्या निघताना बघितलं की सरावाबद्दलचं भाषण वाचतं. जाताना पणत्या विकत घ्या, नुसते फोटो काढून येऊ नका.

थापटणं मडक्यावर

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गात मात्र थापटणं मडक्यापुरतंच ठेवा. दर पंधरा दिवसांनी भांडी मांडा. करणाऱ्याने गप्प बसायचं, बाकीच्यांनी दिसेल ते सांगायचं: नजर कुठे थांबते, उचलल्यावर वजन अपेक्षेपेक्षा जास्त लागतं का, ओठाला काठ कसा लागेल. "छान" हा शब्द बंद. शेवटी करणारा स्वतः त्यातलं एक भांडं निवडतो. तेच भाजायचं, बाकीची माती परत भिजत.

भट्टी त्यांची त्यांना लावू द्या

ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर भांड्यावर काचेसारखा होणारा लेप, तयार देऊ नका. दोन ग्लेझ घेऊन १००-०, ८०-२०, ६०-४० अशा प्रमाणांत मिसळून सहा तुकड्यांवर लावायचे आणि वहीत नोंदवायचं. खायच्या भांड्यांसाठी शिसं असलेलं ग्लेझ वर्गात आणूच नये. जमिनीवरची कोरडी धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. तिच्यातली सिलिका फुप्फुसांना घातक असते.

भट्टीची नोंदवही विद्यार्थ्यांनीच लिहायची. वाळलेल्या भांड्यातही पाणी उरतं, म्हणून १०० अंशांच्या खाली बराच वेळ थांबायचं, नाहीतर वाफ होऊन भांडं फुटतं. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्‌झची रचना बदलते, तिथे चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा घाई नको. फुटलेलं भांडं फेकू नका, त्याचे तुकडे जोडून कुठून फुटलं ते शोधायला लावा.

शेवटच्या दिवशी तळावरच्या नावांवर कागदी चिकटपट्टी लावून सगळी भांडी मांडा आणि कुणाचं कोणतं ते वर्गाला ओळखू द्या. ज्यांची ओळखू येत नाहीत, त्यांना पुढच्या सत्रात पुन्हा घरचं भांडं आणायला सांगा. मात्र आधीचं नको, दुसरं.