गॅस्ट्रिक बायपासनंतर पातळापासून भाकरीपर्यंत : पहिले तीन महिने कसे काढावेत

गॅस्ट्रिक बायपास म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर केलेलं ऑपरेशन. ते पुण्याला होवो, मुंबईला, हैदराबादला की संभाजीनगरला, चार-पाच दिवसांत माणूस परत लातूरच्या, परभणीच्या, बीडच्या घरी येतो. हातात आहाराचा कागद असतो. त्यावर ओट्स, ब्रोकोली, क्लिअर सूप. घरात ज्वारी, तुरीची डाळ, येसर आणि ठेचा. कागद आणि चूल यांचा मेळ बसत नाही, मग जो तो आपल्या अंदाजाने सल्ला देतो आणि त्यातले बरेच सल्ले पोटाला महागात पडतात. खालचं वेळापत्रक साधारण आहे. तुमच्या सर्जननी दिवस वेगळे सांगितले असतील तर त्यांचेच धरा.

आधी आत काय बदललंय ते नीट समजून घ्या. जठराचा वरचा भाग वेगळा करून साधारण ३० मिलीची पिशवी केलेली असते. म्हणजे दोन मोठे चमचे. तिला लहान आतडं थेट जोडलेलं असतं आणि जोडाचं तोंड एक ते दीड सेंटिमीटर रुंद. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग जागेवरच राहतो, पण त्यातून अन्न जात नाही. खाण्याचे पुढचे बहुतेक नियम या दोन मापांतून आलेले आहेत.

पहिले दोन आठवडे : फक्त पातळ. गाळलेलं ताक, दूध, प्रोटीन पावडर. वरणाच्या वरच्या पाण्यात ताकद असते हा गैरसमज सोडा, त्यात प्रथिनं नावालाच असतात. त्यापेक्षा कपभर दुधात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर घोळा, जवळपास ५ ग्रॅम प्रथिनं वाढतात. दुधाने पोट गुरगुरलं किंवा जुलाब झाले तर ताक-दह्यावर या.

तिसरा आणि चौथा आठवडा : मिक्सरमधून काढलेलं, गुठळी नसलेलं. घट्ट मुगाचं वरण, दही, पनीर दह्यात घोटून, दुधी. एका वेळी तीन-चार मोठे चमचे.

इथपर्यंत बहुतेकांचं सुरळीत जातं. बिघडतं ते पाचव्या आठवड्यात, पहिल्या घट्ट घासाला.

वेदना गेलेल्या असतात, वजन उतरत असतं, माणूस हिंडाफिरायला लागतो आणि घरच्यांना वाटतं, झालं आता. ‘उलीसं खा की’ म्हणून ताट पुढे येतं. जोड मात्र अजून सुजेतून पूर्ण बाहेर आलेला नसतो. म्हणून फक्त कॅलेंडर बघून घट्ट अन्न सुरू करू नका. मिक्सरमधलं अर्धी वाटी अन्न वीस-पंचवीस मिनिटांत, छातीत दाब न येता, सलग तीन-चार दिवस जात असेल तरच पुढे सरका.

सुरुवात भाकरीने करायची नाही. सुरुवात अंड्याने. तेल कमी घालून केलेली ओलसर भुर्जी, किंवा उकडलेलं अंडं दह्यात कुस्करून. अंड्याच्या पुढे मऊ शिजलेला, काटे नीट काढलेला मासा, पनीरचा चुरा, मोड आलेल्या मुगाची गाळ शिजवलेली उसळ. मग साल काढलेला दोडका, दुधी, भोपळा. दिवसाला एकच नवा पदार्थ, आणि तोही दुपारी. रात्री नवं काही खाऊ नका. रात्री अडकलं तर तालुक्याच्या गावी दाखवायला कुणी भेटत नाही.

भाकरीची पाळी सहाव्या-सातव्या आठवड्यात. ‘पोळी मऊ असते, भाकरी जड, आधी पोळी खा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो उलटा आहे. गव्हात चिकटा असतो, चावलेल्या पोळीचा कणकेसारखा गोळा होतो आणि तो जोडाच्या तोंडाशी बसतो. ज्वारीत तो चिकटा नाही, ती चावली की भुगा होते. तव्यावरून उतरलेली ताजी भाकरी घ्या, कडक काठ काढून टाका, मधला मऊ भाग दोन चमचे होईल एवढाच कुस्करा आणि घट्ट वरणात दहा मिनिटं भिजू द्या. भिजेल एवढंच वरण घाला, तरंगेल एवढं नको. सकाळची भाकरी रात्री खाऊ नका. पोळी आणि मोकळा न शिजलेला, चिकट भात तिसरा महिना संपेपर्यंत बाजूला ठेवलेला बरा.

घास वाटाण्याएवढा. वीस-पंचवीस वेळा चावा, गिळा, चमचा खाली ठेवा आणि मिनिटभर थांबा. चमचा हातात राहिला की पुढचा घास आपोआप लवकर जातो. आधी प्रथिनं, मग भाजी, भाकरी शेवटी. जेवण अर्ध्या तासात थांबवा, वाटीत उरलं तरी. पानात टाकू नये ही शिकवण इथे घातक ठरते, म्हणून वाढतानाच दोन-तीन चमचे वाढून घ्या. घरच्यांनाही हे स्पष्ट सांगा. आग्रह करणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून खाल्लेला एक घास तासभर छळतो.

थांबायची खूण पोट भरल्याची नसते. छातीच्या मधोमध दाब येणं, उचकी, एकाएकी नाक गळणं, तोंडाला पाणी सुटणं, यातलं एक दिसलं की तिथेच थांबायचं. राहिलेला एक घासही घ्यायचा नाही.

आणि तरी अडकलंच तर? सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे ‘वरून पाणी पी, उतरेल’. खाली वाट बंद असताना पाणी वरच साचतं आणि दाब दुप्पट होतो. सोडा पिणं तर त्याहून वाईट. ताठ बसा किंवा घरातल्या घरात चाला. पांढरा फेस येईल, तो थुंकून टाका. बोटं घालून ओकारी काढू नका. मोकळं झालं की पुढचे चोवीस तास पुन्हा पातळावर जा, कारण जोडाला सूज आलेली असते. जो पदार्थ अडकला तो दोन आठवडे विसरा. काही तास उलटले आणि थुंकीसुद्धा खाली जात नसेल, तर घरी थांबू नका.

इथे एक फरक ओळखता आला पाहिजे. एखाद्या दिवशी घाईने खाल्लं आणि अडकलं, ते तुमच्या हातातलं. पण मागच्या आठवड्यात जाणारी भुर्जी या आठवड्यात जात नाही, मग वरण जात नाही, मग पाणीही अडतं, असं पायरीपायरीने होत असेल तर जोडाचं तोंड आवळत चाललंय. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे होऊ शकतं. दुर्बिणीतून फुगा घालून तोंड रुंद करता येतं. ‘अजून बारीक चावा’ हा त्यावरचा इलाज नाही. महिनाभर अर्धपोटी राहून अंगात त्राण उरत नाही, तेव्हा कुठे लोक सर्जनला फोन करतात. फोन पहिल्याच आठवड्यात करा.

मटण तिसऱ्या महिन्यानंतर, तेही खिम्याच्या रूपात. कोंबडीचा छातीचा कोरडा तुकडा अडकतो, रश्शात शिजलेला मांडीचा भाग सहसा जातो. जालन्याची मोसंबी खायची तर फोडीवरचा पांढरा पापुद्रा काढूनच, कारण चोथ्याचा गोळा पिशवीत साचून राहू शकतो. शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता यांनाही तेच लागू. ऑपरेशन दिवाळीच्या सुमारास झालं असेल तर त्या वर्षीचा हुरडा सोडा.

गोड हा वेगळा विषय. उसाचा रस, शिरा, पुरणपोळी, ‘अशक्तपणा जाईल’ म्हणून दिलेलं ग्लुकोजचं पाणी, हे सगळं आता थेट आतड्यात उतरतं. दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते, जुलाब होतात. काहींची साखर एक ते तीन तासांनी एकदम खाली येते आणि हातपाय कापतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पहिल्या आठवड्यापासून घरी साखर मोजा आणि डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. जुना डोस तसाच घेत राहणं धोक्याचं आहे.

पाणी जेवणासोबत नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर, घोट-घोट. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२ च्या वर जातो आणि तांब्याभर पाणी एका दमात पिण्याचे दिवस गेलेले असतात. बाटली सोबत ठेवा, दर पाच-दहा मिनिटांनी एक घोट. लघवी गडद झाली की तुम्ही मागे पडलात. बीपीच्या गोळ्या चालू असतील आणि उठताना चक्कर येत असेल तर तेही लगेच कळवा.

प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. मोजल्याशिवाय हा आकडा गाठला जात नाही, एका वहीत लिहून ठेवा.

गोळ्या जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेटच मागा. कार्बोनेट जिरायला आम्ल लागतं आणि तुमच्या छोट्या पिशवीत ते फारसं नसतं. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर लोह जिरत नाही. पाळी येणाऱ्या बायकांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुतेकांचे परत येतात, त्यासाठी तेलांवर पैसे घालवू नका.

अंगदुखीला मेडिकलवरून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफिनॅक घेऊ नका. जोडावर जखम होते, ती फुटूही शकते. पॅरासिटामॉल चालतं. बिडी-सिगारेट पूर्ण बंद, तंबाखू-गुटखासुद्धा. बाळंतपणाचा विचार १२ ते १८ महिने पुढे ढकला. वजन उतरलं की गर्भ राहण्याची शक्यता वाढते आणि तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, म्हणून ऑपरेशनच्या आधीच तांबीचं विचारून घ्या. नवरात्राचे नऊ दिवस, एकादशी, रोजे पहिल्या वर्षी नकोत. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतात.

आधी ऑपरेशन झालेल्या माणसांशी जरूर बोला. कोणतं प्रोटीन चवीला सहन होतं, बाजारात दिवसभर पाणी कसं सांभाळायचं, लग्नाच्या पंगतीत काय म्हणायचं, हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. पण त्यांच्या गोळ्यांचा डोस उचलू नका आणि त्यांच्या वजनाच्या आकड्याशी आपला आकडा लावू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा काही दिवस हलतच नाही, आणि नेमकी तेव्हाच तुलना सुरू होते.

आता जिवावर बेतणाऱ्या गोष्टी. पहिल्या दोन आठवड्यांत नाडी १२० च्या वर, ताप, दम लागणं, पोटातून डाव्या खांद्याकडे जाणारी दुखणी, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका, जोड गळत असू शकतो. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पोटात पिळवटून कळ आली आणि दोन तासांत बसली नाही, तर ‘गॅस झाला’ म्हणून इंजेक्शन घेऊन झोपू नका. वजन उतरल्यावर आत पडलेल्या फटीत आतडं अडकू शकतं. त्याला सीटी स्कॅन आणि ऑपरेशन करणारा सर्जन लागतो.

उलट्या दोन-तीन दिवस चालल्या की गावातला डॉक्टर सलाईन लावतो, बहुधा ग्लुकोजचं. इथे अडवा. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतं. ते संपलेलं असताना ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज.

हे आजारपणात आठवत नाही, म्हणून एक कार्ड लॅमिनेट करून पाकिटात ठेवा आणि एक घरच्या माणसाकडे द्या. त्यावर लिहा : रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास (वर सांगितलेल्या ऑपरेशनचं पूर्ण नाव), ऑपरेशनची तारीख, सर्जनचा फोन. डायक्लोफिनॅक गटातली औषधं नकोत. ग्लुकोजच्या आधी थायमिन. नाकातून नळी अंदाजाने घालू नये. मागच्या बाजूला रक्ततपासणीच्या तारखा : तिसरा, सहावा, बारावा महिना आणि त्यानंतर दरवर्षी.