फिशटँकचा स्टँड: वजन लाकडाला, स्क्रूला नाही

जळगावात मी फिशटँकचे लाकडी स्टँड करून देतो. या कामाची सुरुवात घरच्याच टाकीने झाली, आणि तीही चुकीने. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी आणली आणि एका रविवारी तिच्यासाठी प्लायचं खोकं ठोकलं. दिसायला झकास. दोन महिन्यांनी समोर चहा पीत बसलो होतो, तेव्हा दिसलं की पाण्याची रेघ आणि काचेची वरची कड एकमेकींना धरून नाहीत. एका बाजूला बोटभर फट, दुसरीकडे जेमतेम अर्धं बोट. पाणी काही तिरकं होत नाही, म्हणजे स्टँड बसला होता. रात्री अकराला बादल्यांनी टाकी उपसली. मासे पातेल्यात. ते पातेलं बायकोने पुन्हा चुलीवर चढवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सुतारकाकांनी खोकं उलटं करून पाहिलं. वरची चौकट मी पायांच्या बाजूला स्क्रूने लटकवली होती. काका म्हणाले, "वजन लाकूडले देवा भाऊ, स्क्रूले नको." या कामातलं निम्मं शिक्षण त्या एका वाक्यात झालं.

आकडे मांडून बघा. एक घनफूट म्हणजे सुमारे 28.3 लिटर. आपली टाकी पावणेसात घनफुटांची, म्हणजे काठोकाठ 190 लिटर, तितकेच किलो. 8 मिमी काचेचे तीसेक किलो, वाळू-दगडांचे वीस-पंचवीस. अडीच क्विंटल कापूस साडेचार चौरस फुटांवर रचायचा आणि वर्षानुवर्षं उचलायचाच नाही, असं हे ओझं. ते टाकीच्या कडेवरून चौकटीत, चौकटीतून थेट पायांच्या डोक्यावर आणि तिथून जमिनीत गेलं पाहिजे. म्हणून चौकट पायांच्या बाजूला नाही, डोक्यावर बसवायची. नाहीतर पायाला खाच पाडून तिच्यात टेकवायची. स्क्रू आणि फेविकॉल फक्त लाकडं जागेवर धरायला. चार फुटांची टाकी असेल तर मध्ये आणखी दोन पाय द्या.

लाकूड मी बहुतेक वेळा जुनं सागवान घेतो. धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, जुनी घरं पाडतात तेव्हा त्यांच्या कड्या, म्हणजे छताखालची आडवी लाकडं, विकायला येतात. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड सहसा पिळत नाही. पण त्यात मोडके खिळे दडलेले असतात. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवा. मी नाही फिरवला आणि नव्या पात्याला दात पडले. ओलं लाकूड स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, त्यात घरोघरी कूलरची दमट हवा. लाकूड आधी आकसतं, पावसाळ्यात फुगतं आणि कच्चे जोड उघडे पडतात.

चौकट जुळवल्यावर गुण्या (काटकोन तपासायचं सुतारी साधन) लावाच, पण दोन्ही कर्णही मोजा. 36 बाय 18 इंचाला कर्ण सव्वाचाळीस इंच यायला हवा, दोन्ही सारखे. स्टँड उभा भार पेलतो, पण कुणाचा धक्का लागला की आडवा डुलतो. त्यासाठी मागच्या बाजूला 12 मिमी प्लाय चारही कडांनी पक्की करा. पायांचे खालचे कापलेले तोंड पॉलिशने भरा, कारण फरशी पुसताना पाणी तिथूनच चढतं. रंग-रूप, दरवाजे, बिजागऱ्या तुमच्या आवडीप्रमाणे. त्यावर मी जास्त बोलत नाही.

गिऱ्हाईक उंची मागतं तेव्हा जपून. तीस इंचांपर्यंत मी निवांत असतो. त्यापुढे गेलात तर पाया रुंद करा किंवा भिंतीला क्लिप मारा. ऑर्डर घेण्याआधी जागा स्वतः बघा. एकदा ठरवलेल्या कोपऱ्यात फरशीलाच उतार निघाला, आणि चारी पायांखाली चकत्या घालत अख्खी संध्याकाळ गेली.

पोहोचवल्यावर आधी पाणसळ (पातळी सपाट आहे का ते दाखवणारं साधन) लावतो. बिनफ्रेमच्या टाकीखाली 10 मिमी थर्माकोल पसरतो, म्हणजे वाळूचा एखादा खडा काचेला टोचत नाही. मग टाकी एक तृतीयांश भरतो, पाणसळ बघतो, पुन्हा भरतो. भरून झाली की चारी कोपऱ्यांत काचेवर पाण्याच्या रेघेशी मार्करने खूण करतो. दुसऱ्या दिवशी परत जाऊन त्या खुणा पाहतो. बाष्पीभवनाने पाणी थोडं उतरलेलं असतं, पण चारी खुणांखाली सारखंच उतरलेलं हवं. तसं दिसलं की उरलेले पैसे मागतो.