विनोदी मालिकेचं पहिलं वाचन कसं ऐकावं

टेबलाभोवती कलाकार संहिता वाचतात तेव्हा वाहिनीच्या माणसाने पानात डोकं घालू नये, ऐकावं. मी समासात दोनच खुणा करतो: हशा पिकला तिथे टिंब, लेखक एकटाच हसला तिथे फुली. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं हाती उरतात, तेव्हा आधी फुल्या कापा. सूचना मात्र ‘इथे ती का चिडली ते कळलं नाही’ अशीच द्या. विनोद स्वतः सुचवू नका. (मी सुचवायचो. खोलीत शांतता पसरायची.)

निवडक प्रेक्षकांना भाग दाखवून घेतलेल्या चाचणीचा अहवाल वाईट आला म्हणून लगेच गाशा गुंडाळू नका. ‘साइनफेल्ड’ या अमेरिकी विनोदी मालिकेचा पहिला भाग चाचणीत आपटला होता, तरी एनबीसी वाहिनीच्या रिक लडविन यांनी आपल्या विशेष कार्यक्रमांच्या पैशातून आणखी चार भाग मागवले.