बिघडलेलं पोट रुळावर कसं आणावं: गॅस्ट्रायटिस झालेल्या मुंबईकरासाठी

सात बावन्नची गाडी पकडायची, म्हणून घरातून निघताना फक्त चहा. ऑफिसात पोचल्यावर दुसरा. अकराला तिसरा, पण तो कटिंग, म्हणून हिशेबात धरायचा नाही. डबा उघडायला दोन वाजायचे. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री साडेदहाला पोटभर जेवण आणि अकराला आडवं. पाच-सहा वर्षं असंच चाललं होतं. त्यात गेल्या पावसाळ्यात पाठ धरली आणि मी केमिस्टकडून वेदनाशामक गोळ्या आणून दहा-बारा दिवस घेतल्या. मग एका सकाळी, मुलुंडपासून उभ्याने येताना, बेंबीच्या वर जिथे बरगड्या मिळतात तिथे कुणी निखारा ठेवावा तशी आग सुरू झाली. भायखळ्याला उतरून बाकावर बसले तेव्हा अंगाला दरदरून घाम फुटला होता.

दुर्बिणीच्या तपासणीनंतर निदान झालं ‘गॅस्ट्रायटिस’, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला सूज. त्यातून बाहेर पडायला मला साधारण महिना लागला. काय केलं, कुठल्या क्रमाने केलं आणि काय करून फसले, ते लिहिते.

१. हे नुसतं ‘पित्त’च आहे ना?

आपल्याकडे ‘पित्त’ या एका शब्दाने भलताच गोंधळ केलाय. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोकं दुखून आंबट उलटी झाली तरी पित्त, छातीत जळजळलं तरी पित्त. गॅस्ट्रायटिसचं दुखणं बहुधा पोटाच्या वरच्या भागात असतं. आग होते, मळमळतं, दोन घास खाल्ले की पोट गच्च वाटतं, ढेकरा येत राहतात. पण ही लक्षणं इतरही आजारांत दिसतात, म्हणून नुसत्या अंदाजावर काढे सुरू करू नका.

दुखणं छातीत, डाव्या हातात, जबड्यात जात असेल, दम लागत असेल, घाम फुटत असेल तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत सोडा पीत बसू नका. जवळच्या दवाखान्यात जाऊन आधी ईसीजी काढा. मला घाम फुटला तेव्हा माझाही आधी ईसीजीच काढला आणि ते योग्यच झालं. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होणं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसणं, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं यांतलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, त्यामुळे त्या चालू असतील तर डॉक्टरांना तसं सांगा.)

२. काढा नंतर, कारण आधी

माझ्या बाबतीत कारण समोरच होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्या जठराच्या अस्तरावरचा चिकट थर टिकवणाऱ्या द्रव्यांची निर्मितीच कमी करतात. तो थर पातळ झाला की आपलंच आम्ल आपल्याच भिंतीला झोंबतं. ‘जेवून घेतली ना, मग काही होत नाही’ हा समज अर्धाच खरा आहे. गोळी रक्तात गेल्यावरही तिचा परिणाम जठरावर होतोच. पाठ-गुडघ्यांसाठी त्या चालू असतील तर दुसरा पर्याय विचारा. पॅरासिटॅमॉल जठराला बरंच सौम्य असतं. मात्र हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

दारू हे दुसरं कारण, ते समजावून सांगायची गरज नाही. सिगारेट आणि तंबाखूचं व्यसन असेल तर सूज भरून यायला वेळ लागतो.

तिसरं कारण मात्र कुठल्याही पथ्याने जात नाही: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. इतक्या आम्लात कुठलाही जंतू तग धरणार नाही, असं डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं मानत होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, तरी लोक मानेनात. तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचं मिश्रण स्वतःच पिऊन टाकलं. थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीत जठर सुजलेलं दिसलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आता श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत हा जिवाणू कळतो. पण आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर निकाल चुकू शकतो. त्या साधारण दोन आठवडे आधी आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे आधी बंद असाव्या लागतात, म्हणून तपासणीची तारीख डॉक्टरांना विचारूनच ठरवा. जिवाणू सापडला तर अँटिबायोटिक्सचा कोर्स, बहुधा १४ दिवसांचा, पूर्ण करायचा. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडला तर तो जिवाणू पुढे औषधांनाही दाद देत नाही.

खासगीत दुर्बिणीची तपासणी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत ती होते. केसपेपरच्या रांगेसाठी मात्र सकाळी लवकर निघा आणि अर्ध्या दिवसाची रजा टाका.

३. पहिले तीन दिवस पेजेचे

जठराच्या आतला वरचा थर झिजतो तसा भराभर नवाही होत असतो. त्याला डिवचलं नाही, तर तो आपला आपण भरून येऊ लागतो. पहिल्या तीन दिवसांत आपलं काम एवढंच, की त्याला डिवचायचं नाही.

माझी आजी मालवणकडची, त्यामुळे आमच्याकडे आजारपण म्हणजे पेज. अर्धी वाटी तांदूळ धुऊन निथळायचा. उकडा असेल तर उत्तम, नसेल तर घरातला कुठलाही. कोरडा झाला की मंद आचेवर भाजायचा, दाणा हाताला हलका लागला की बस, लाल करायचा नाही. मिक्सरमधून एकदाच फिरवून जाडसर भरड काढायची. पाच वाट्या पाणी उकळलं की त्यात भरड सोडून गॅस बारीक करायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं अधूनमधून ढवळायचं. कणी दोन बोटांत दाबल्यावर विरघळली पाहिजे. मीठ, चमचाभर तूप, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. बाजूला लोणच्याची फोड घ्यायचा मोह होतो, आजीही ती द्यायची. या तीन दिवसांत नको.

दर अडीच-तीन तासांनी वाटीभर पेज. मधे मऊ भात आणि मुगाचं वरण, पिकलेलं केळं, साळीच्या लाह्या. पाणी घोट घोट. चहा-कॉफी बंद. चहा सोडल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकलं, तेव्हा वेदनाशामक गोळीकडेच हात जात होता. कपाळाला बाम चोळून वेळ मारून नेली.

४. मग तीन आठवडे घड्याळ सांभाळा

काय खाता याइतकंच, कधी खाता हेही मोजायला हवं. मुंबईत पोट बिघडतं ते मिरचीपेक्षा खाण्याच्या वेळांमधल्या खिंडाराने, असं माझं ठाम मत झालंय. तिखटाने सूज येतेच असं नाही, पण आधीच सुजलेल्या जठराला ते झोंबतं. सहा-सात तास रिकाम्या पोटी चहावर काढायचे आणि मग एकदम भरपेट जेवायचं, हे मात्र माझ्या जठराला कधीच मानवलं नाही.

म्हणून एका डब्याचे तीन केले. निघण्यापूर्वी चहाच्या आधी काहीतरी पोटात: मऊ उपमा, नाचणीची गोडी पेज, निदान दोन केळी. अकराचा खाऊ वेगळ्या छोट्या स्टीलच्या डबीत. केळं पिशवीत टाकलं तर लोकलच्या गर्दीत त्याची शिकरण होते. वेलची केळी घेतली तर दोन त्या डबीत नीट बसतात. दुपारचा डबा साडेबारा ते एकच्या मधेच, मीटिंग असो नसो. साडेचारला राजगिऱ्याचा लाडू किंवा मूठभर लाह्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या तळणीचा वास आला तरी पाय तिकडे वळत नाहीत.

डब्यात फुलका किंवा मऊ भात, आणि दुधी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा यांच्या भाज्या. फोडणीला जिरं, हिंग, हळद पुरे. हिरवी मिरची, गरम मसाला, चिंच, टोमॅटो काही दिवस सुट्टीवर. दुधी किसताना चव घेऊन बघा, कडू लागला तर सरळ टाकून द्या. कडू दुधीने सणसणीत विषबाधा होते. कच्च्या दुधीचा रस पित्तावर चांगला म्हणून रोज पिणारे लोक आहेत. शिजवलेला दुधी काय वाईट आहे, मला समजत नाही.

मासे खाणाऱ्यांनी पापलेट किंवा मांदेली हळद-मीठ लावून वाफवावी. तव्यावरचं कुरकुरीत तळण पुढच्या महिन्यात. रविवारचं मटणही तेव्हाच.

रात्रीचं जेवण सगळ्यांत अवघड. घरी पोचायलाच नऊ वाजतात, त्यामुळे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाणार कसे? मी जेवणाचे दोन भाग केले. ऑफिसातून निघण्यापूर्वी साडेसहाला पोळीची गुंडाळी, आणि घरी आल्यावर फक्त वाटीभर मऊ खिचडी. पहिला आठवडा उपाशी झोपल्यासारखं वाटलं, नंतर सवय झाली.

डॉक्टरांनी पँटोप्राझोलसारखी गोळी दिली असेल तर ती न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. मी पहिले चार दिवस जेवणावर घेत होते आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून कुरकुरत होते. ती स्वतःच्या मनाने महिनोनमहिने चालू ठेवू नका, आणि फार दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका. आम्ल उसळून पहिल्यापेक्षा जास्त जळजळतं.

५. घरगुती उपायांची उलटतपासणी

थंड दूध हा प्रत्येक आईचा हुकमी उपाय. प्यायल्याबरोबर गार वाटतं, हे खरं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, त्यामुळे तासाभराने आग परत येते. रात्री झोपताना पेलाभर दूध पिऊन मी दोनदा पहाटे उठून बसले आहे.

फेसाळणारी पांढरी पावडर मिनिटभरात ढेकर काढते, कारण तिच्यातला सोडा आम्लाशी मिळून वायू तयार करतो. सूज तशीच राहते, आणि सोडियम भरपूर असल्याने रक्तदाबवाल्यांनी तर जपूनच.

ज्येष्ठमध घशाला आणि पोटाला बरं वाटतं, पण रोज घेत राहिलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही, हे आपण कुठून शिकलो कोण जाणे.

सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध किंवा सफरचंदाचं व्हिनेगर? सुजलेल्या जागेवर आंबट ओतायचं, त्यापेक्षा नको. सोलकढी मला एरवी प्राणाहून प्रिय, पण पहिल्या दोन आठवड्यांत तीही झोंबली. ताजं, गोडसर, पातळ ताक चाललं. आदल्या दिवशीचं आंबट नाही. आल्याचा छोटा तुकडा पाण्यात उकळून घेतला तर मळमळ कमी होते, मात्र जास्त आलं जाळतं. जेवणानंतर बडीशेप, किंवा चमचाभर जिरं दोन कप पाण्यात उकळून एक कप उरवलेलं पाणी. त्याने सूज जाते असं म्हणणार नाही, पण पोट हलकं वाटतं आणि हातात चहाऐवजी काहीतरी गरम असतं.

६. संकष्टी आली की

माझ्या महिन्यात एक संकष्टी येत होती. दिवसभर काळा चहा, दुपारी शेंगदाण्याचं कूट आणि हिरव्या मिरचीची साबुदाणा खिचडी, मग चंद्रोदयापर्यंत काही नाही आणि रात्री उशिरा तळलेल्या मोदकांसह भरपेट जेवण. जठराच्या दृष्टीने याहून वाईट दिवस आखता येणार नाही. सासूबाईंना मी भीतभीतच सांगितलं की या खेपेला उपास नाही. त्या म्हणाल्या, “आजाऱ्याला उपास कसला? तू अथर्वशीर्ष म्हण आणि जेव.” ज्यांना उपास मोडवत नाही त्यांनी दर तीन तासांनी केळं, वरीचा मऊ भात, उकडलेलं रताळं, राजगिरा असं काही घ्यावं.

७. तिखटाकडे परत

एका दिवशी एकच नवा पदार्थ, तोही दुपारच्या जेवणात, आणि पुढचे दोन दिवस वाट बघायची. नोंद ठेवा. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीने लिहीत गेले: ‘टोमॅटो – ठीक’, ‘कॉफी – जळजळ’, ‘मिसळ, दोन घास – रात्री त्रास’. प्रत्येकाची यादी निराळी निघते, म्हणून माझी देत नाही. दोन-तीन आठवडे हे सगळं करूनही फरक पडला नाही, तर पथ्य आणखी कडक करत बसण्यापेक्षा पुन्हा डॉक्टरांकडे जा.

पाचव्या आठवड्यात दादरला उतरून अर्धा वडापाव खाल्ला. जेवण झाल्यावर, लाल चटणी आणि मिरची न घेता. कालनिर्णयच्या त्या चौकटीत ‘वडा’ एवढंच लिहिलंय, पुढच्या दोन चौकटींत फक्त दुधाचा हिशेब आहे.