कॅनडात लांब पल्ल्याचा ट्रक चालवताना तासांचा आणि झोपेचा हिशेब

कॅनडात ट्रकवर नव्याने रुजू होणारी आपली मंडळी बहुधा १३ तासांचा आकडा पाठ करून येतात. प्रांताबाहेर जाणाऱ्या गाड्यांना लागू असलेल्या केंद्रीय नियमांनुसार, साठाव्या अक्षांशाच्या दक्षिणेला, एका दिवसात तेवढे तास चालवता येते हे खरेच आहे. परंतु दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा १६ तासांच्या मर्यादेमुळे. सलग आठ तासांची विश्रांती संपवून तुम्ही कामाला लागलात की घड्याळ सुरू होते आणि १६ तास उलटले की चालवणे बंद. सकाळी सहाला गाडीची तपासणी सुरू केली असेल, तर रात्री दहानंतर स्टिअरिंगला हात लावता येत नाही. मधे गोदामाच्या दारात चार तास खोळंबा झाला आणि लॉगमध्ये, म्हणजे तासांच्या नोंदवहीत, तो ऑफ ड्युटी (कामाबाहेरचा वेळ) नोंदवला, तरी हे घड्याळ थांबत नाही. स्लीपरमधील, म्हणजे ट्रकमधल्या झोपण्याच्या जागेतील, विश्रांती नियमानुसार दोन भागांत विभागणे हा त्यावरील अपवाद आहे, पण नवख्याने सुरुवातीचे काही महिने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी, डिझेल, माल चढवणे-उतरवणे आणि चालवणे मिळून १४ तास काम झाले की त्यापुढे चालवता येत नाही. शिवाय दिवसभरात एकूण १० तास विश्रांती हवी. त्यांपैकी ८ सलग आणि उरलेले दोन किमान अर्ध्या तासाच्या तुकड्यांत घेता येतात. गोदामावर तुम्हाला खरोखरच मोकळे सोडले असेल, तर हे दोन तास तिथेच झोपून वसूल करावेत. सात दिवसांत कामाच्या ७० तासांच्या मर्यादेचे चक्र असेल, तर सलग ३६ तासांच्या सुट्टीनंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

दिवसाची आखणी मुक्कामापासून उलटी करावी. आज किती चालवता येईल यापेक्षा रात्री गाडी कुठे उभी राहील, हा प्रश्न आधी सोडवावा. थंडर बे ते सू सेंट मरी हा सुमारे ७०० किलोमीटरचा टप्पा आहे. तिथे मोठ्या ट्रकला थांबण्याजोग्या जागा विरळ आहेत, रात्री मूस (प्रचंड आकाराची हरणे) आडवे येतात आणि हिवाळ्यात रस्ता वारंवार बंद होतो. अशा पट्ट्यात ईएलडीच्या, म्हणजे तास नोंदवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या, पडद्यावर दोन तास शिल्लक दिसत असले, तरी जागा मिळाली तिथेच थांबणे शहाणपणाचे. अनपेक्षित खराब हवामानासाठी दोन तासांची जादा सवलत आहे, पण सकाळी निघतानाच बर्फाचा इशारा मिळालेला असेल तर ती लागू होत नाही. खासगी वापराची, म्हणजे कामाच्या तासांत न धरता स्वतःसाठी गाडी चालवण्याची, दिवसाला ७५ किलोमीटरची मुभाही माल उतरवून, ट्रेलर सोडल्यावरच मिळते. म्हणून भरल्या गाडीनिशी गोदामावर तास संपण्याची चिन्हे असतील, तर आवारात रात्रभर थांबू देतील का, हे आत शिरतानाच विचारून ठेवावे.

लॉग तुमच्या मूळ टर्मिनलच्या, म्हणजे तुम्ही नेहमी जिथून कामाला निघता त्या ठिकाणच्या, वेळेनुसार चालतो, तर माल पोहोचवण्याची वेळ तिथल्या स्थानिक घड्याळाप्रमाणे दिलेली असते. ऑन्टारियोतून मॅनिटोबात जाताना यातून एका तासाचा घोळ होतो.

सीमा ओलांडणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. अमेरिकेत १० तास सलग विश्रांतीनंतर ११ तासच चालवता येते, तेही १४ तासांच्या आत, आणि ८ तास चालवल्यावर अर्धा तास चालवणे थांबवणे सक्तीचे आहे. विंडसरला आठच तास झोपून सकाळी पूल ओलांडून डेट्रॉईटमध्ये उतरणारा चालक कॅनडाच्या नियमात बसतो, पण पलीकडे पोहोचताच नियमभंग करतो. म्हणून पलीकडे जायचे असेल, तर आदल्या रात्रीपासूनच अमेरिकेचा हिशेब धरावा.

या सगळ्या आकड्यांच्या वर आणखी एक नियम आहे. तास शिल्लक असले तरी थकव्यामुळे सुरक्षित चालवणे शक्य नसेल, तर चालकाने चालवू नये आणि कंपनीने त्याला तसे करायला सांगू नये, अशी कायद्यात तरतूद आहे. डिस्पॅचर (गाड्यांच्या फेऱ्या ठरवणारा कंपनीचा माणूस) फोनवर आग्रह करू लागला, तर वाद न घालता आपण कुठे थांबलो आहोत, का थांबलो आहोत आणि पुन्हा किती वाजता निघू, हे त्याला लेखी संदेशात कळवावे आणि तो संदेश जपून ठेवावा.